नऊ कार्डांची पोच

“पोच कुठाय?”

शारदाबाईंचे हे दोन शब्द. दिवसातून वीस वेळा तरी तोंडून निघायचे. पत्र्याची गाडी आली, पोच कुठाय? रंगाचे डबे उतरले, पोच कुठाय? समोर हिंदी माणूस असला तर त्याच सुरात, “रिसीविंग कहाँ है?” झाशीजवळच्या बिजौलीच्या कारखान्यांत माल नेणारे ड्रायव्हर त्यांना पाठीमागे ‘रिसीविंगवाली जिज्जी’ म्हणत, म्हणजे रिसीविंगवाली ताई. त्यांच्या कानावर ते गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणू देत. पण सही करून म्हणा म्हणावं.”

हा शब्द त्यांना वडिलांकडून आला. नीलकंठराव झाशीला रेल्वेच्या स्टोअरमध्ये कारकून होते. तीस वर्षं त्या माणसाने एक बोल्टसुद्धा पोच घेतल्याशिवाय खिडकीबाहेर जाऊ दिला नाही. म्हातारपणी ते आजारी पडले आणि अकरा महिने रेल्वेच्या दवाखान्यात होते. शारदाबाईंनी लग्न केलं नव्हतं. त्या उशाशी बसून असत. उशीखाली वडिलांचं दवाखान्याचं कार्ड. डॉक्टर आला, औषध आलं, रक्त आलं, आणि पैशाचा शब्द कुणी काढला नाही. पुढे ओळख झाल्यावर त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, “उशीखाली कार्ड असलं ना, की घरातल्यांना नीट रडायला तरी सवड मिळते.”

वडील गेल्यावर त्या बिजौलीला रमाकांतरावांच्या कारखान्यात हिशेबाला लागल्या. लोखंडी कपाटांचा कारखाना. वर पत्रे, खाली पत्रे, मध्ये नऊ माणसं. मे महिन्यात आत पाऊल टाकलं की भट्टीच्या तोंडाशी उभं राहिल्यासारखं व्हायचं. माणसं सगळी बुंदेलखंडाची, समथरची, गरौठ्याची, मोठ गावच्या बाजूची. मालक मात्र आपला. झाशीच्या जुन्या मराठी कारभारी घराण्यातला. गणपतीला मंडळात जरीकाठी उपरणं घालून पहिली आरती म्हणणारा.

त्या कारखान्यात मराठी दोघांनाच येत होती, मालकाला आणि शारदाबाईंना. त्या मराठीचा उपयोग पडद्यासारखा व्हायचा. माणसं समोर उभी असताना रमाकांतराव हसतमुखाने मराठीत म्हणत, “याला उद्या ये म्हणावं,” किंवा “याला आगाऊ रक्कम द्यायची नाही.” आणि शारदाबाई त्याच हसतमुखाने हिंदीत काहीतरी गोड सांगत. समोरचा माणूस दोघांच्या तोंडाकडे बघत राही. शारदाबाईंना त्यात काही वावगं वाटत नसे. उलट थोडं बरंच वाटे, हे त्यांनीच मला पुढे सांगितलं. परक्या मुलखात आपल्या भाषेचं एक छोटंसं दार, आणि त्याची किल्ली दोघांकडेच.

नऊ माणसांत जयसिंग हा वेल्डर. समथरचा. अंगाने दांडगा, बोलायला मऊ. दुसरा विश्वंभर, कुलपं बसवणारा, माझ्याच गावचा, गरौठ्याचा. कुणाचा हात भाजायचा, कुणाच्या डोळ्यात ठिणगी जायची. मग चार दिवस माणूस दिसायचा नाही आणि पाचव्या दिवशी फडकं बांधून परत यायचा. शारदाबाईंना उशीखालचं कार्ड आठवायचं.

एक दिवस त्यांनी विषय काढला. “रमाकांतराव, आपल्या माणसांचा विमा काढा.”

“जिवाचा?”

“दवाखान्याचा. बायकामुलांसकट.”

“ताई, मी कपाटं विकतो. अन्नछत्र उघडलेलं नाही.”

पण त्या विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या. आठ दिवस त्या करवकिलाकडे जात राहिल्या, विचारत राहिल्या आणि नवव्या दिवशी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर सगळं लिहून आणलं.

“वर्षाचा हप्ता चाळीस हजार,” त्या म्हणाल्या. “हा धंद्याचा खर्च धरतात. नफ्यातून सरळ वजा. तुम्हाला वरच्या शंभरावर तीस रुपये कर बसतो. म्हणजे बारा हजार कर वाचला. तुमच्या खिशातून गेले अठ्ठावीसच.”

रमाकांतरावांनी चष्मा चढवला. “आणि माणसांच्या उत्पन्नात धरायचे का हे?”

“नाही. त्यांच्यावरही कर नाही.”

“पगार वाढवला तर पुढच्या वर्षी पुन्हा मागतात. हे वाढवून मागणार नाहीत.”

“नाही मागणार. फक्त एक अट आहे. रोख भरायचा नाही. चेकने भरा. रोख भरलात तर सवलत गेली.”

“अरे वा! ताई, तुम्ही वकील व्हायच्या सोडून इथे पत्रे मोजत बसलात!”

शारदाबाई त्या दिवशी घरी जाताना खूष होत्या. दयेची भाषा या माणसाला कळत नाही, कराची कळते, मग कराच्या भाषेत बोलायला काय हरकत आहे, असं त्यांना वाटलं. माणसांना दवाखाना मिळाल्याशी कारण. मला त्यांची ही खुशी आठवली की अजून अंगाचा तिळपापड होतो. चांगलं काम करून घ्यायला त्यांनी ज्या भाषेचा आधार घेतला, त्या भाषेत माणसाचं नावच नव्हतं.

विमा निघाला. कार्डं आली, नऊ, लांबट लिफाफ्यात. शारदाबाईंनी एजंटकडून हप्त्याची पोच घेतली, पॉलिसीची प्रत घेतली, दोन्ही फायलीत लावल्या. लिफाफा वाटायला उचलला तेव्हा रमाकांतराव म्हणाले, “द्या इकडे. दसऱ्याला मिठाईच्या डब्याबरोबर वाटतो. माझ्या हातून गेलेली बरी. आपली माणसं आहेत ती.”

पोच हा शब्द त्यांच्या ओठांवर आला आणि तिथेच विरला. मालकाने ते मराठीत सांगितलं होतं. लहानपणी ज्याच्याबरोबर आरतीचं तबक धरलं, त्याच्याकडे पोच मागायची? सगळ्या बिजौलीकडे पोच मागणारी ही बाई आपल्या भाषेतल्या एका माणसापाशी अडखळली. आपण बुंदेलखंडातली मराठी माणसं हे असंच करत आलो आहोत. बाजारात नाणं वाजवून घेतो आणि जो ‘काय ताई’ म्हणतो त्याच्यापुढे ओंजळ रिकामी करतो.

दसऱ्याला मिठाईचे डबे वाटले गेले. शारदाबाईंनी ते स्वतः पाहिलं. दुसऱ्या वर्षीही पाहिलं. तिसऱ्याही.

मधल्या काळात जयसिंगला अंतर्गळ, म्हणजे हर्निया झाला. जड कपाटं उचलून उचलून जांघेत गाठ उतरली. सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा करून तो कमरेला आवळायचा आणि एक हात पोटाखाली दाबून वेल्डिंग करायचा. शारदाबाई बघत होत्या. त्यांना राग यायचा. एवढी सोय करून दिली आणि हा गडी आळसाने दुखणं पोसतोय! एकदा त्यांनी सगळ्यांसमोर त्याला झाडलं, “जयसिंग, इलाज क्यों नहीं कराते? सब इंतज़ाम तो है तुम लोगों का!”

जयसिंगने वर पाहिलं. “हओ जिज्जी,” तो म्हणाला, “बड़े इंतजाम हैं हमाए.” आणि खाली मान घालून कामाला लागला. त्या दिवसापासून त्याने त्यांना रामराम करणं सोडलं. त्याला वाटलं, बाई आपल्या गरिबीची टिंगल करते. बाईंना वाटलं, या माणसाला उपकाराची जाण नाही. एक लिफाफा कुठेतरी पडून होता आणि दोन भली माणसं एकमेकांवर रुसून दीड वर्ष एकाच छपराखाली वावरत होती.

नोटबंदीच्या आधीचा उन्हाळा. पुतणीच्या लग्नासाठी मी कपाट घ्यायला गरौठ्याहून बिजौलीला गेलो. शारदाबाईंनी माझ्याकडूनही माल मिळाल्याची पोच लिहून घेतली आणि तिची एक प्रत माझ्या खिशात कोंबली. जयसिंग आणि विश्वंभर कपाट टेम्पोत चढवू लागले. कपाट माझं होतं, हे मला विसरता येत नाही. जयसिंगने खालची बाजू उचलली, अर्ध्यावर थांबला, आणि त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की कारखान्यातली सगळी यंत्रं एकेक करून बंद पडली. तो जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. चेहरा राखेसारखा.

माझं कपाट खाली उतरवून त्याच टेम्पोत त्याला घातलं. त्याची बायको कमळा जवळच्याच खोलीत राहायची, ती धावत आली. शारदाबाई बरोबर चढल्या. “प्राइवेट अस्पताल ले चलो,” त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. “इसका बीमा है।” टेम्पो गेला. मी तिथेच माझ्या कपाटाला टेकून बसलो, कारण जायला दुसरं वाहन नव्हतं.

तिथे काय झालं ते त्यांनी मागाहून सांगितलं. डॉक्टरने पोटाला हात लावला आणि म्हणाला, आतडं अडकलंय, संध्याकाळपर्यंत ऑपरेशन झालं नाही तर आत काळं पडेल, मग माझ्या हातात काही नाही. खिडकीवरच्या माणसाने आगाऊ रक्कम मागितली.

“बीमा है,” शारदाबाई म्हणाल्या. “पॉलिसी नंबर मुझे ज़बानी याद है।”

“मैडम, मेंबर नंबर चाहिए। कार्ड पे लिखा रहता है। कार्ड लाओ, हम अभी मंज़ूरी मँगवाते हैं।”

शारदाबाई वळल्या. “कमला, कार्ड कहाँ रखा है?”

“कौन सो कार्ड, जिज्जी?”

“दशहरे पे मिला था। मिठाई के साथ।”

कमळा रडतारडता थांबली आणि आठवू लागली. “मिठाई तो मिली हती। डब्बा अबै लौं धरो है, ऊमें नोन धरत हैं। कार्ड तो कौनऊ नईं हतो।”

मिठाईच्या डब्यात आता मीठ होतं, कार्ड कधी नव्हतंच. शारदाबाई तिथे क्षणभरही थांबल्या नाहीत. जयसिंग स्ट्रेचरवरून त्यांच्याकडे बघत होता. त्यालाही त्या वेळी कळलं असणार, की दीड वर्षापूर्वी या बाईने टिंगल केली नव्हती.

टेम्पो कमळाजवळ दवाखान्यापाशीच ठेवून त्या ऑटोने परतल्या तेव्हा दुपारचा एक वाजला होता. रमाकांतराव नुकतेच घरून जेवून आले होते आणि आठही माणसं कामं टाकून ऑफिसच्या दाराशी उभी होती, जयसिंगचं काय झालं ते विचारायला. मीही त्यांच्या मागे उभा होतो. विश्वंभर आणि शारदाबाई सोडल्या तर मला तिथे कुणी ओळखत नव्हतं. मला मराठी कळतं हे मालकाला माहीत नव्हतं.

“रमाकांतराव, कार्डं कुठायत?”

मालकाने आधी माणसांकडे पाहिलं. मग हसले. तेच जुनं हसू. आणि मराठीत, अगदी सौम्यपणे म्हणाले, “ताई, आवाज खाली. यांना काही कळू देऊ नका.”

“कुठायत?”

“आहेत. या कपाटात, जपून ठेवलीयत. अहो, एकाने क्लेम केला की दुसऱ्याला सुचतं. दुसऱ्याने केला की पुढच्या वर्षी हप्ता चढतो. मग तुमच्या त्या बारा हजारांचा काय उपयोग?”

“माणूस मरतोय तिकडे.”

“मी देतो ना काहीतरी. पाच हजार द्या त्याला माझ्याकडून. पण कार्डाचा विषय काढू नका. आणि तुम्हीच तर समजावलंत मला. सवलत हप्त्यावर आहे, कार्डावर नाही. हप्ता चेकने भरला, पोच फायलीत आहे. मी एका पैशाचं बेकायदा केलेलं नाही.”

हेच ते. माणूस खरं बोलत होता. मी त्यानंतर दोन वकिलांना विचारलं, दोघांनी माना हलवल्या. सरकार मालकाला विचारतं, हप्ता भरलास का? रोख भरलास की चेकने? पण ज्याच्या नावाने भरलास त्याला सांगितलंस का, हे विचारायला सरकारच्या लांबलचक फॉर्मात एक बोटभर जागा नाही. सवलत मालकाला, पोच मालकाला, आणि सायकलच्या ट्यूबचा पट्टा जयसिंगला. चोरी केली असती तर त्याला चोर तरी म्हणता आलं असतं. याला काय म्हणायचं? मला अजून शब्द सापडलेला नाही, आणि शब्दांवर माझी बरी हुकमत आहे असं आमच्या गावात मानतात.

शारदाबाईंनी मालकाकडे पाठ केली आणि दारातल्या माणसांकडे तोंड. आणि हिंदीत, खणखणीत, शाळेत धडा वाचावा तसं म्हणाल्या,

“सेठजी कह रहे हैं, इन लोगों को पता मत चलने दो।”

“ताई!” रमाकांतराव खुर्चीतून उठले.

“तीन साल से तुम नौ जनों का बीमा है। बीवी-बच्चों का भी। अस्पताल का पूरा खर्चा। कार्ड इस अलमारी में बंद हैं। सेठजी कह रहे हैं, एक ने इलाज कराया तो किस्त बढ़ जाएगी।”

“शारदाताई, काय करताय हे?”

“पूछ रहे हैं, मैं क्या कर रही हूँ।”

माणसं हलली नाहीत. त्यांच्यापैकी एकाच्या बायकोचं दोन वर्षांपूर्वी बाळंतपणात रक्त गेलं होतं, एकाची बोटं कायमची वाकडी झाली होती. ते सगळं त्यांच्या तोंडांवर वर येत होतं, हळूहळू, विहिरीत पाणी चढावं तसं.

रमाकांतरावांचा आवाज आता चिरका झाला. “आपल्या माणसाने असं वागायचं? चार लोकांसमोर?”

“पूछ रहे हैं,” शारदाबाई म्हणाल्या, “कि अपने लोग ऐसा करते हैं क्या।”

त्या दोघांशिवाय मी एकटाच तिथे दोन्ही भाषा जाणणारा उभा होतो. मी म्हणू शकलो असतो, की बाईने अक्षर न् अक्षर खरं सांगितलंय. पण म्हणालो नाही. त्याची लाज माझी मला आहे.

“चाबी,” शारदाबाई म्हणाल्या.

“किल्ली घरी आहे.”

तेव्हा विश्वंभर पुढे आला. “रहन दो सेठजी,” तो म्हणाला. “जा अलमारी हमाई बनाई है। जयसिंग ने जोड़ी, तालो हमने लगाओ।” त्याने दाराची मूठ वर उचलून धरली, खालच्या कोपऱ्यावर गुडघ्याने एकच दणका दिला आणि कपाट उघडलं. इतकं सोपं होतं ते. तीन वर्षं ही माणसं रोज त्या कपाटासमोरून जेवणाचा डबा घेऊन गेली होती.

आत तीन लिफाफे होते. तीन वर्षांचे. त्यांना बांधलेले रबर उन्हाळ्यांनी वितळून कागदाला चिकटले होते. पहिल्या दोन लिफाफ्यांतली कार्डं मेलेली होती, त्यांची मुदत संपली होती. तिसऱ्यातली नऊ नवीकोरी, चकचकीत, हात न लागलेली.

शारदाबाईंनी टेबलावरची आवक-जावक वही ओढली, उभ्याउभ्याच पानावर रेघा मारल्या, नऊ नावं लिहिली.

“विश्वंभर!”

“हओ, जिज्जी।”

“ये कार्ड। यहाँ दस्तख़त।”

एकेक माणूस आला. कुणी सही केली, कुणी अंगठा उठवला. एकाने कार्ड उलटंसुलटं करून बायकोचं नाव छापलेलं बघितलं आणि ते खिशात न ठेवता हातातच धरलं. आठ पोचा झाल्या. नवव्या नावासमोरची जागा रिकामी राहिली. विश्वंभर म्हणाला, “जयसिंग की हम कर दें?”

“नहीं। वो ख़ुद करेगा।”

मग त्यांनी वहीतला एक कोरा कागद फाडला, त्यावर चार ओळी लिहिल्या, खाली नक्कल लिहिली आणि कागद मालकापुढे ठेवला. माणसांकडे तोंड केल्यापासून पहिल्यांदाच त्या पुन्हा मराठीत बोलल्या. “माझा राजीनामा. पोच द्या.”

“ताई, रागाच्या भरात माणूस…”

“पोच.”

चौदा वर्षांत त्यांनी या माणसाकडे पहिल्यांदा पोच मागितली. त्याने सही केली. पेन टोपण न लावताच टेबलावर पडलं.

जयसिंगचं ऑपरेशन त्याच दिवशी साडेचारला झालं आणि तो वाचला, हे मला पुढच्या महिन्यात विश्वंभरने सांगितलं. त्या दुपारी ते कुणालाच माहीत नव्हतं. शारदाबाईंनाही नाही.

त्यांनी जयसिंगचं कार्ड पदराच्या टोकात बांधलं, वही काखेत घेतली, आपला जेवणाचा डबा तिथेच टेबलावर राहू दिला आणि फाटकाबाहेर पडल्या. टेम्पो नव्हता. ग्वाल्हेरच्या रस्त्यापर्यंत चालतच जायचं होतं. ऊन असं होतं की रस्त्यावरची हवा थरथरताना दिसत होती. मागून रमाकांतराव पायरीवर येऊन उभे राहिले, पण हाक मारायला त्यांच्याजवळ कोणतीच भाषा उरली नव्हती. आठ माणसं फाटकाच्या गजांना धरून उभी होती. मी माझ्या कपाटापाशी उभा होतो, खिशात बाईंनी दिलेली पोच घेऊन. कुणी यंत्राकडे परतलं नाही. ती बाई मागे न वळता, वही काखेत घट्ट दाबून, त्या उन्हात लहान लहान होत गेली, आणि रस्त्याच्या वळणावर एका ऑटोला हात करून थांबवताना दिसेपर्यंत आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो.